अंगणात फरशी बसवायची, तर वाळू किती मागवावी?

वाळूचा हिशेब सांगणारे बहुतेक जण लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार करायला सांगतात, त्यावर दहा टक्के जास्त धरा म्हणतात आणि मोकळे होतात. गुणाकार बरोबरच असतो; घोटाळा त्या दहा टक्क्यांत असतो. सोलापुरात स्वतःच्या, भावाच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अंगणांत मिळून आठ-दहा वेळा हे काम केल्यावर मी तो दहा टक्क्यांचा सल्ला ऐकूनही घेत नाही.

उदाहरणासाठी २० फूट लांब आणि १२ फूट रुंद अंगण घेऊ, ज्यात शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी शहाबादी फरशी वाळूच्या थरावर बसवायची आहे. क्षेत्रफळ २४० चौरस फूट. झाडांचे वाफे असतील तर तेवढे वजा करावे.

थराची जाडी ठोकून बसल्यावर दीड इंच धरावी. सिमेंटचे पेव्हर ब्लॉक एकसारख्या जाडीचे असल्यामुळे त्यांना एक इंचही पुरतो. शहाबादीची पाठ मात्र ओबडधोबड असते आणि एकाच गाडीतल्या दोन फरश्यांची जाडी जुळत नाही, म्हणून दीड इंच. इंचांचे फूट करायला विसरू नये : दीड इंच म्हणजे ०.१२५ फूट, आणि २४० गुणिले ०.१२५ म्हणजे ३० घनफूट. खालचे खाचखळगे वाळूने भरण्याचा विचारही करू नये. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची वाळू त्या भेगांत उतरते आणि पावसात माती फुगली की फरशी वर येते. वरची काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून तो धुमसाने दाबावा, समपातळीत दोरी बांधून निदान दहा ठिकाणी खोली मोजावी आणि मगच वाळूचा आकडा काढावा.

आता ब्रास. वाळूचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. पण फरशी बसवणारा मिस्त्री ज्याला एक ब्रास म्हणतो ते १०० चौरस फूट काम असते. आमच्या गल्लीतील एका गृहस्थांनी मिस्त्रीच्या तोंडून ‘अडीच ब्रासचे काम आहे’ एवढे ऐकून अडीच ब्रास वाळू मागवली होती. ज्या कामाला अर्धा ब्रास पुरला असता त्या कामाची उरलेली वाळू दोन वर्षे त्यांच्या दारात होती आणि गल्लीतल्या सगळ्या मांजरांची सोय झाली होती.

एवढे सगळे नीट करूनही माझी पहिल्या वेळची वाळू कमी पडली, आणि या लेखातला खरा कठीण भाग तोच आहे. ३० घनफुटांवर दहा टक्के धरले की ३३ होतात. मी शहाणपणा करून ३५ घनफूट घेतले, तेही ट्रॉली स्वतः टेपने मोजून. तरीही फाटकाजवळची जवळजवळ तीन फुटांची पट्टी वाळूविना राहिली. मी वाळूवाल्याला फोन करून बोलू नये ते बोललो. शेजारी राहणारे निवृत्त ओव्हरसिअर काका हे कुंपणापलीकडून ऐकत होते. त्यांनी मला घरातून काचेची सरळ उभ्या कडांची बरणी आणायला सांगितली.

वाळूवाल्याने फसवले नव्हते, वाळू फुगलेली होती. कोरड्या वाळूत वजनाच्या चार ते सहा टक्के पाणी मिसळले की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, तो कणांना एकमेकांपासून दूर धरतो आणि वाळूचे आकारमान वीस ते तीस टक्क्यांनी वाढते; वाळू बारीक असेल तर त्याहूनही जास्त. गंमत अशी, की तीच वाळू पाण्यात पूर्ण बुडवली तर पापुद्रे मोडतात आणि ती पुन्हा कोरड्या वाळूएवढी होते. त्यामुळे नुसती ओलसर वाळूच सर्वांत फसवी असते, आणि नदीची वाळू असो की क्रश सँड, गाडीतून येणारा माल बहुतेक वेळा नेमका तसाच असतो.

काकांनी करून दाखवलेली चाचणी पाच मिनिटांची आहे आणि ती गाडी रिकामी करण्यापूर्वीच करावी. बरणीत ओलसर वाळू न दाबता, न आपटता सैल भरावी आणि तिची उंची मोजावी. समजा ती २० सेंटिमीटर भरली. ती वाळू घमेल्यात काढून बरणी निम्मी पाण्याने भरावी, वाळू थोडी थोडी परत टाकत सळईने ढवळावी, सपाट करावी आणि उंची पुन्हा मोजावी. ती १६ सेंटिमीटर भरली, तर २० भागिले १६, म्हणजे १.२५ हा आपला गुणक झाला. बरणी तशीच तीन तास ठेवली तर वर गाळाचा थर बसतो. तो वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जाड असेल तर त्या वाळूवाल्याकडे पुन्हा जाऊ नये.

नमुना कुठून घ्यावा, यावर मी हट्टी आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचे ऊन गाडीतल्या वाळूचा वरचा थर तासाभरात पांढरा करून टाकते, आणि ‘साहेब, एकदम कोरडी आहे’ असे म्हणत चालक त्यातलीच मूठ आपल्या हातावर ठेवतो. फावड्याने हातभर खाली जावे आणि तिथली वाळू घ्यावी. वरच्या मुठीवर विश्वास ठेवून मी दुसऱ्यांदाही फसलो आहे, आणि तेव्हा दोष द्यायला कोणी नव्हते.

आता हिशेब पुन्हा मांडू. दाबून बसलेला थर ३० घनफुटांचा हवा, ठोकल्यावर वाळू सुमारे दहा टक्के बसते, म्हणून सैल कोरडी वाळू ३३ घनफूट, तिला १.२५ ने गुणले की ओलसर वाळू ४१ घनफुटांच्या थोडी वर जाते, आणि सांडलवंड धरून ४३. म्हणजे अर्धा ब्रास मागवावा. माझे पहिले ३५ घनफूट बसल्यानंतर साडेपंचवीसच भरले होते, हे आता वाचकाला करून पाहता येईल.

गाडी मोजताना वाळूचा ढीग सपाट करायला लावावा, आतली लांबी-रुंदी घ्यावी आणि उंची पाच ठिकाणी घेऊन सरासरी काढावी : आतून १० फूट बाय ६ फूट ट्रॉलीत वाळू ९ इंच असेल तर ती ४५ घनफूट भरते. वाहतूक परवान्याची पावती मागावी.

जिथे वजनकाट्यावरून माल मिळतो तिथे मी ब्रासच्या भानगडीत पडतच नाही, कारण पाच टक्के ओल वजन पाचच टक्क्यांनी वाढवते, तर आकारमान पंचवीस टक्क्यांनी. सैल कोरडी वाळू घनफुटाला साधारण ४५ किलो भरते; त्यामुळे ३३ घनफुटांचे दीड टन होतात, आणि ओल व सांडलवंड धरून पावणेदोन टन मागितले की काम भागते. क्रश सँड घनफुटाला थोडी जड असते, तेव्हा तिचे दोन टन घ्यावेत.

मुलांसाठी वाळूचा हौद करायचा असेल तर सरळ गुणाकार पुरतो, तिथे ठोकायचे काही नसते.

फरशीच्या सांध्यांसाठी वेगळी वाळू मागवू नये. पाव इंच सांधे आणि दोन फुटी फरशी धरली तर सगळ्या अंगणाला घनफूटभरही वाळू लागत नाही. आलेल्या वाळूतली तीन-चार घमेली पहिल्याच दिवशी बारीक चाळणीने चाळून, पत्र्यावर वाळवून पोत्यात भरून ठेवावीत. ओलसर वाळू सांध्याच्या तोंडाशीच अडकते, आणि पहिल्या पावसानंतर सांधे खाली बसले की तेच पोते पुन्हा काढावे लागते.