ट्रान्सफॉर्मर ओळखायचा तर आधी पाटी वाचा

आयटीआय किंवा डिप्लोमा करून सबस्टेशनच्या कामाला लागलात, की ट्रान्सफॉर्मर ओळखायची पुस्तकी खूण आठवते: एका बाजूला तीन उंच बुशिंग (वायर जोडायची, टाकीबाहेर आलेली इन्सुलेटेड टोकं), दुसऱ्या बाजूला चार बुटकी, चौथं न्यूट्रलचं. मुंबईत ही खूण बऱ्याचदा उपयोगी पडत नाही. इथे वीज जमिनीखालच्या केबलने येते आणि बुशिंग केबल बॉक्समध्ये झाकलेली असतात. म्हणून नेमप्लेट वाचायची सवय लावून घ्या.

११,०००/४३३ व्होल्ट, ५०० केव्हीए, डीवायएन ११ असं दिसलं, तर तो डिस्ट्रिब्यूशन ट्रान्सफॉर्मर. डीवायएन म्हणजे एचव्ही (हाय व्होल्टेज) वाइंडिंग डेल्टा जोडणीत, एलव्ही (लो व्होल्टेज) स्टार जोडणीत, न्यूट्रल बाहेर काढलेला. फुल लोडला एचव्हीत सुमारे २६ आणि एलव्हीत ६६७ अँपिअर. नवखे इंपीडन्सचा (ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या अडथळ्याचा) आकडा वाचायचा सोडतात, तो ४.५ टक्के असेल तर एलव्ही टर्मिनलवरच्या शॉर्टसर्किटला जवळपास १४,८०० अँपिअर वाहू शकतात. ब्रेकरची क्षमता त्याहून जास्तच हवी.

कूलिंगपुढे ओएनएएन म्हणजे तेलाचा, एएन म्हणजे कोरडा. टॉवरच्या आत, पोडियमवर कोरडा बसवतात, कारण तेलाच्या आगीची भीती नाही. पण तो तळघरात असेल आणि पावसाचं पाणी शिरलं, तर कोरडाही वाचत नाही. तेलाच्या ट्रान्सफॉर्मरचा ब्रीदर (आत जाणारी हवा कोरडी करणारी डबी) पावसाळ्यात वरचेवर बघा. निळी सिलिका जेल गुलाबी झाली की ती ओलावा शोषत नाही, हवेतला दमटपणा थेट तेलात जातो आणि तेलाची इन्सुलेशनची ताकद घटते.

सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) आणि पीटी (पोटेन्शियल म्हणजे व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर) मीटर-रिलेसाठी असतात. पाटीवर १००/५ अँपिअर असेल तर सीटी, ११,०००/११० व्होल्ट असेल तर पीटी. इथली चूक जिवावर बेतते. लाइन चालू असताना सीटीची सेकंडरी (मीटरकडची वाइंडिंग) उघडी राहिली, की प्रायमरीचा सगळा करंट कोअर चुंबकित करण्यात जातो आणि उघड्या टोकांवर हजारो व्होल्ट येऊ शकतात. अँमीटर काढण्याआधी सेकंडरीची टोकं एकमेकांना जोडणारी शॉर्टिंग लिंक लावाच. पीटीचं नेमकं उलटं: तिची सेकंडरी शॉर्ट करायची नाही.

पॅनेलमधला छोटा ट्रान्सफॉर्मर ऑटो (एकच वाइंडिंग) की आयसोलेशन (दोन वेगळ्या वाइंडिंग), अशी शंका आली तर सप्लाय बंद करून सगळ्या वायरी सोडवा आणि इनपुट-आउटपुटमध्ये मल्टीमीटरने कंटिन्युइटी तपासा. बीप वाजला तर दोन्हीकडे वाइंडिंग एकच आहे, म्हणजे ऑटो. त्याचं आउटपुट थेट सप्लायला जोडलेलं असतं, म्हणून व्होल्टेज कितीही कमी दिसो, त्याच्या आउटपुटला सुरक्षित समजून हात लावू नका.