हप्ता कमी, पण क्लेमला कात्री: वैयक्तिक आरोग्य विमा घेताना या चुका टाळा

पाच लाखांच्या दोन पॉलिसी शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकीचा हप्ता दुसरीच्या पाऊणपट निघाला, की बहुतेक जण दुसरीकडे बघतही नाहीत. पण कंपनी तो पाव हिस्सा उदारपणे सोडत नसते. खोलीभाड्याची मर्यादा, को-पे (क्लेमचा ठरावीक हिस्सा आपण भरायचा), लांबलचक वेटिंग पिरियड (काही आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबायचा काळ), कॅशलेस रुग्णालयांची (जिथे बिल थेट कंपनी भरते) तोकडी यादी, यांपैकी कुठून तरी तो वळता होतो. म्हणून स्वस्त पॉलिसी दिसली की ती स्वस्त का आहे, हे आधी शोधा. प्रत्येक पॉलिसीसोबत कंपनीला ग्राहक माहितीपत्रक द्यावं लागतं. मर्यादा, वगळलेले खर्च आणि प्रतीक्षेचा काळ त्यात एकत्र दिलेला असतो. एजंटच्या रंगीत माहितीपुस्तिकेऐवजी पैसे भरण्याआधी ते मागून घ्या.

खोलीभाड्याची मर्यादा दुर्लक्षित करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "रूम रेंट विमा रकमेच्या १ टक्का" हे वाक्य वाचून लोकांना वाटतं की जास्त भाड्याची खोली घेतली तर फक्त वरचा फरक खिशातून जाईल. तसं होत नाही. समजा विमा ३ लाखांचा आहे, म्हणजे मर्यादा दिवसाला ३,००० रुपये. रुग्णाने ६,००० रुपयांची खोली घेतली आणि पाच दिवस राहिला. बिल असं आलं: खोली ३०,०००, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंगचे १,२०,०००, औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांचे ९०,०००. एकूण २,४०,०००. खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची, म्हणून खोलीचे पैसे निम्मे मिळतात आणि डॉक्टर, थिएटर, नर्सिंगचेही निम्मेच. कंपनी १५,००० अधिक ६०,००० अधिक ९०,०००, असे १,६५,००० देते. खोलीभाड्याचा फरक १५,००० चा असताना खिशातून ७५,००० जातात. त्यातच २० टक्के को-पे असेल तर आणखी ३३,००० वजा.

असं होण्याचं कारण असं की बहुतेक मोठ्या रुग्णालयांत खोलीच्या वर्गानुसार डॉक्टरांची आणि थिएटरची फीसुद्धा बदलते. वरच्या वर्गाचा तो भार कंपनी उचलत नाही. मात्र औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचं भाडं यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत, तिथेही ती लागत नाही. क्लेमचा हिशोब हातात आला की ही कलमं तपासा. सरसकट सगळं निम्मं केलं असेल तर लेखी हरकत घ्या.

पॉलिसी घेतानाच रूम रेंटला मर्यादा नसलेली किंवा रकमेऐवजी "सिंगल प्रायव्हेट रूम" असं लिहिलेली निवडा. बाकी कुठेही काटकसर करा, इथे करू नका.

फॉर्म दुसऱ्याला भरू देणं

एजंट कोऱ्या प्रपोजल फॉर्मवर (विम्याच्या अर्जावर) सही घेतो, नाहीतर मोबाइलवर ओटीपी मागतो, आणि "आजार आहे का?" या प्रत्येक प्रश्नापुढे "नाही" लिहून मोकळा होतो. पुढे दाखल झाल्यावर डॉक्टर केस पेपरवर लिहितात, "गेली सहा वर्षं बीपी, गोळ्या चालू." क्लेम तिथेच अडकतो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. कंपनीच्या डॉक्टरांचा फोन येतो तोही रेकॉर्ड होतो. घाईघाईने "नाही, नाही" म्हणून तो संपवू नका.

बीपी, शुगर, थायरॉइड, दमा, मूतखडा, जुनं ऑपरेशन, चालू गोळ्या, तंबाखू, सगळं सांगा. फार तर हप्ता थोडा वाढेल किंवा त्या आजारासाठी थांबावं लागेल. आधीपासूनच्या आजारांसाठी हा वेटिंग पिरियड आता जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण कंपनीला पुढे करता येत नाही. पॉलिसी हातात आली की सोबतची फॉर्मची प्रत वाचा. चूक दिसली तर लगेच ईमेलने कळवा. पॉलिसीच पटली नाही तर ३० दिवसांच्या आत परत करता येते.

"आज घेतली, उद्या ऑपरेशन"

पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मूतखडा, गुडघेबदल अशा ठरावीक उपचारांना बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. म्हणून पॉलिसी तब्येत बरी असताना घ्यायची, आणि नोकरीतला विमा असला तरी स्वतःची वेगळी ठेवायची. नोकरी सुटली की कंपनीचं संरक्षणही सुटतं.

नूतनीकरणाची तारीख चुकवणं हा याच चुकीचा दुसरा अवतार. वार्षिक हप्ता भरायला ३० दिवसांची वाढीव मुदत असते, पण त्या मधल्या दिवसांतल्या आजाराचा खर्च मिळत नाही. ही मुदतही टळली तर सगळी प्रतीक्षा पहिल्यापासून. कंपनी बदलायची असेल तर पोर्ट करा, म्हणजे चालू पॉलिसीच नव्या कंपनीकडे न्या; जुनी सोडून नवी घेऊ नका. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज केला की जुन्या विमा रकमेपुरती पूर्ण झालेली प्रतीक्षा पुढे धरली जाते.

हप्ता खरोखर कमी कुठे होतो

मोठ्या रकमेची एकच पॉलिसी घेण्याऐवजी ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर ५ लाख डिडक्टिबलचा (म्हणजे पहिले ५ लाख सोडून वरचा खर्च देणारा) सुपर टॉप-अप घेतला, तर हप्ता सहसा बराच कमी पडतो. पण साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांची गल्लत करू नका. वर्षात चार-चार लाखांची दोन बिलं आली, तर साधा टॉप-अप एकही रुपया देत नाही, कारण कुठलंच एक बिल पाच लाखांच्या वर गेलेलं नाही. सुपर टॉप-अप वर्षाचे आठ लाख एकत्र मोजून वरचे तीन लाख देतो. मूळ विमा ३ लाखांचा आणि डिडक्टिबल ५ लाखांचं अशी जोडी लावलीत, तर मधले दोन लाख तुमचेच. दोन्ही पॉलिसी वेगळ्या कंपन्यांच्या असतील तर मूळ पॉलिसीच्या कंपनीकडून क्लेम मंजुरीचा हिशोब आणि बिलांच्या साक्षांकित प्रती घेऊन ठेवा. टॉप-अपची कंपनी त्याशिवाय हलत नाही.

आईवडिलांना स्वतःच्या फ्लोटरमध्ये (सगळ्या कुटुंबाच्या एकाच पॉलिसीत) घालू नका. हप्ता सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयावर ठरतो, त्यामुळे सगळ्यांचाच वाढतो. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी दिसला तर ते जुनं आहे; २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसींवर तो शून्य आहे.

झोननुसार, म्हणजे राहत्या शहराच्या गटानुसार स्वस्त पडणारी पॉलिसी मात्र जपून घ्या. सांगली किंवा लातूरच्या पत्त्यावर हप्ता कमी बसतो, पण उपचार मुंबईत घेतले तर काही पॉलिसींत को-पे लागतो. मोठ्या आजारात तुम्ही कुठे जाणार, ते आधी ठरवा. जवळचं नर्सिंग होमही तपासा: दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा, इतरत्र १५, अशी रुग्णालयाची व्याख्या पॉलिसीत असते. सहा खाटांच्या दवाखान्यातला क्लेम यावरूनच फेटाळला जाऊ शकतो.

हप्ता अजिबातच झेपत नसेल तर सरकारी योजना आधी बघा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत महाराष्ट्रातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, तर सत्तरी पार केलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. उत्पन्नाची अट नाही. दोन्हीकडे रुग्णालय आणि उपचार मात्र यादीतलेच लागतात.

क्लेम अडकला तर

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नव्हे. बिल भरा, मूळ कागद, डिस्चार्ज कार्ड आणि तपासण्यांचे अहवाल घ्या आणि पॉलिसीत लिहिलेल्या मुदतीत परताव्यासाठी पाठवा. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय देणं कंपनीला बंधनकारक आहे. तीन तासांनंतरच्या उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. नकार आला तर पॉलिसीचं नेमकं कलम लेखी मागा, मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही आणि वकील लावायचा नसतो.