टीवर झकास, मॅचमध्ये भोपळा: स्विंगच्या सरावातल्या या चुका टाळा

बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या सरावात टीवर, म्हणजे उभ्या दांड्यावर, ठेवलेला चेंडू कुणीही मारतं. रोज शंभर फटके जाळीत घालणारा बॅटर मॅचमध्ये तीनदा प्लेटवर (बॅटिंगच्या जागी) येतो आणि तिन्ही वेळा शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या) हातात मरतुकडा, सरपटता ग्राउंड बॉल देऊन परत जातो. बाकीचे म्हणतात नशीब नाही, कोच म्हणतो उद्या दोनशे मार. दोघांचंही निदान बहुतेक वेळा चुकलेलं असतं. प्रत्येक ड्रिल, म्हणजे सरावाचा ठरावीक प्रकार, एखाद्याच दोषावर काम करतं. तो दोष नसताना तेच ड्रिल महिनाभर घोटलं, तर ते नवा दोष लावून देतं.

सराव एवढा काटेकोर का लागतो, त्याचं गणित बघा. बेसबॉलमध्ये पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, रबर (पाय टेकवायची पट्टी) होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर असतो. ताशी १४५ किलोमीटरने टाकलेला चेंडू तिथून प्लेटपर्यंत साधारण ०.४ सेकंदात येतो. महिलांच्या फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये अंतर फक्त ४३ फूट असतं, त्यामुळे ताशी १०५ किलोमीटरचा चेंडूसुद्धा जवळपास तेवढाच वेळ देतो. त्यातले सुमारे ०.१५ सेकंद खुद्द स्विंगलाच लागतात. म्हणजे बघायला आणि ठरवायला हातात पाव सेकंद. एवढ्या वेळात ‘कोपर आत ठेव, डोकं हलवू नको’ असं स्वतःला बजावत कुणी मारू शकत नाही. जे अंगात मुरलंय तेच बाहेर येतं, चुकीचं मुरलं असेल तर चुकीचंच.

ड्रिल ठरवण्याआधी चेंडू कुठे गेला ते बघा

सर्वात पहिली आणि सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे फटका कसा उडाला हे न बघता ड्रिल निवडणं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू वारंवार टॉपस्पिन घेऊन तिसऱ्या बेसकडे सरपटत असेल, तर मनगटं लवकर उलटतायत किंवा शरीराचं वजन आधीच पुढे निघून गेलंय. सोपे पॉप-अप (उंच उडालेले झेल) चढत असतील, तर मागचा खांदा पडतोय आणि बॅरल (बॅटचा जाड भाग) चेंडूखालून जातंय. चेंडू सारखा पहिल्या बेसच्या बाजूला फाउल (रेषेबाहेर) जातोय? स्विंग उशिरा पोहोचतोय, आणि उशीर होण्याचं कारण बहुधा लांबलचक, बाहेरून फिरणारा हाताचा मार्ग हेच असतं. बाहेरचा चेंडू हुकतच असेल तर पुढचा खांदा लवकर उघडतोय का ते तपासा.

यासाठी जाळी बॅटरच्या नाकासमोर नको. जाळी तीन फुटांवर असली की प्रत्येक फटका सणसणीत वाटतो. दहा-पंधरा फूट लांब लावा, म्हणजे चेंडूची दिशा आणि फिरकी दोन्ही दिसतात. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करायचं तर दोन जागा पुरतात: एक बॅटरच्या छातीसमोरून, दुसरी कॅचरच्या, म्हणजे प्लेटमागे चेंडू पकडणाऱ्याच्या, मागून. अमेरिकी बॅटर टोनी ग्विन १९८० च्या दशकात व्हिडिओ टेपवर आपले फटके तपासत बसायचा, तेव्हा ते नवलाचं होतं. १९९४ मध्ये त्याची सरासरी .३९४ होती, म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३९४ यशस्वी फटके. आज तीच सोय प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तरीही बरेच जण फक्त ‘कसं वाटलं’ यावर भरवसा ठेवतात. स्विंगच्या बाबतीत वाटणं आणि असणं यांचं फारसं जमत नाही.

टी एकाच जागी

टीच्या सरावातली मुख्य गफलत टीच्या बैठकीपासूनच सुरू होते. पुष्कळ टींचा तळ होम प्लेटच्या आकाराचा असतो आणि दांडा त्याच्या मधोमध. बॅटर त्या तळाला प्लेट समजून नेहमीसारखा उभा राहतो. परिणामी चेंडू येतो पोटासमोर, म्हणजे खूपच आत. तिथे चेंडू गाठायला हात आखडावे लागतात आणि शंभर फटके मारून नेमकं तेच आखडणं पक्कं होतं.

तळाकडे दुर्लक्ष करा आणि पुढच्या पावलावरून टीची जागा ठरवा. स्ट्राइड (फटक्याआधी पुढे टाकलेलं पाऊल) घेऊन पुढचा पाय जिथे पडतो ती खूण धरा. मधला चेंडू साधारण त्या पावलाच्या रेषेत किंवा किंचित पुढे. आतला चेंडू त्याहून फूटभर पुढे, कारण तो खेचून मारायचा आणि त्यासाठी बॅरल लवकर पोहोचायला हवं. बाहेरचा चेंडू पावलाच्या रेषेच्या थोडा मागे, पुढच्या मांडीच्या समोर आणि प्लेटच्या बाहेरच्या कडेवर. तिन्ही जागी फटक्याची दिशाही वेगळी: आतला ओढीच्या बाजूला (उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डावीकडे), मधला पिचरच्या डोक्यावरून, बाहेरचा विरुद्ध बाजूला. बाहेर ठेवलेला चेंडू जबरदस्तीने खेचत राहणं हा मनगटं उलटण्याच्या रोगाचा कारखाना आहे.

प्रत्येक फटक्याआधी मान वर करून पिचर जिथे असेल तिकडे बघा, मग नजर चेंडूवर आणा. टीकडे टक लावून उभं राहायची सवय लागली की मॅचमध्ये डोकं आधीच खाली जातं. आणि मशीनगनसारखे फटके नकोत. आठ-दहा मारा, थांबा, बॅट खाली ठेवा, पुन्हा नव्याने उभे राहा. दमलेले हात जे शिकतात ते दमलेल्या हातांचंच तंत्र असतं.

हात बाहेर फेकणं, आणि त्यावरचा चुकीचा इलाज

स्विंगच्या सुरुवातीलाच दोन्ही हात शरीरापासून लांब गेले की बॅट मोठं वर्तुळ काढत येते, वेळ जातो आणि आतला चेंडू बॅटच्या मुठीजवळ लागून हात झिणझिणतात. यावर सगळीकडे सांगितलं जाणारं ड्रिल म्हणजे कुंपणाचं. बॅटची मूठ पोटाला आणि टोक कुंपणाला लावून अंतर मोजायचं, तिथेच उभं राहून कुंपणाला न घासता स्विंग काढायचा.

ड्रिल वाईट नाही, पण ते तासन्‌तास करणं वाईट. मुलं चलाख असतात. कुंपण चुकवायला ती मागे झुकतात, नाहीतर कोपरं बरगड्यांना चिकटवून बॅट चेंडूवरून आडवी ओढतात. कुंपण तर वाचतं, पण फटक्यानंतर हात मोकळे सुटायला हवेत ते सुटतच नाहीत. म्हणून हे जुन्या बॅटने, चेंडूशिवाय, सावकाश पाच-सहा वेळा करा आणि लगेच टी बाहेरच्या जागी नेऊन विरुद्ध बाजूला जोरात फटके मारा. आखडणं आणि सुटणं एकाच बैठकीत झालं तर दोन्हींचा तोल राहतो.

याच्याशी गल्लत होणारा वेगळा दोष म्हणजे मागचं कोपर हातांच्या पुढे निघून जाणं. बॅरल मागेच लोंबकळत राहतं. दिसायला स्विंग छोटा, पण वेग काहीच नाही. कुंपणाचं ड्रिल इथे आगीत तेल ओततं, कारण कोपर आणखी आत जातं. आधी बॅटचं वजन तपासा. ढोबळ चाचणी अशी: खालच्या हाताने मूठ धरून बॅट खांद्याच्या उंचीवर बाजूला सरळ धरा. वीसेक सेकंदांच्या आत टोक खाली येऊ लागलं तर बॅट जड आहे. ‘पुढच्या वर्षी पुरेल’ म्हणून मोठी बॅट घेणारे पालक हा दोष मुलांच्या हातात अक्षरशः विकत आणून देतात. बॅट हलकी झाल्यावर फक्त वरच्या हाताने, बॅट मधोमध धरून, टीवर छोटे फटके मारा. कोपर पुढे पळालं तर चेंडू जाळीपर्यंत जाणारच नाही, वेगळं कुणी सांगायला नको.

‘वरून खाली मार’

हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेलाय आणि जशाच्या तसा घेतला तर तोट्याचा आहे. बेसबॉलचा पिचर १० इंच उंच माउंडवरून (मातीच्या उंचवट्यावरून), हात डोक्यावर नेऊन टाकतो. चेंडू उतरत येतो. त्याच्या वाटेवर बॅट जास्त वेळ राहायची तर बॅरल किंचित वर चढत यायला हवं. १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी काढणारा अमेरिकी बॅटर टेड विल्यम्स हेच सांगायचा. सॉफ्टबॉलमध्ये पिचर सपाट जमिनीवरून, कमरेजवळून चेंडू सोडते, त्यामुळे तो बेसबॉलपेक्षा कमी उतरत येतो आणि स्विंगही त्या मानाने सपाट लागतो.

पॉप-अप चढणाऱ्या बॅटरला काखेच्या उंचीवर टी लावून मारायला देतात ते बरोबरच आहे. मागचा खांदा पडला की बॅट थेट दांड्यावर आपटते. पण पॉप-अप थांबल्यावरही तेच चालू ठेवलं की बॅटर लाकूड फोडायला लागतो आणि सगळे चेंडू जमिनीत जातात. दहा उंच, दहा गुडघ्याच्या उंचीवर, असं फिरवत राहा.

खालचं शरीर

हातांत दिसणाऱ्या निम्म्या चुका पायांतून आलेल्या असतात. ताकद जमिनीतून निघून कमरेत, कमरेतून धडात, मग हातांत आणि शेवटी बॅटमध्ये येते. कंबर आधी फिरते, खांदे क्षणभर मागे राहतात आणि त्या पिळातून वेग मिळतो. क्रम उलटा झाला की कितीही दंड कमवा, चेंडू काही दूर जात नाही.

‘किडा चिरडल्यासारखं मागचं पाऊल फिरव’ हा आवडता सल्ला. त्यातून मुलं जागच्या जागी मागच्या पायावर गिरकी घेतात आणि वजन तिथेच अडकतं. चांगल्या बॅटरचा मागचा पाय फटक्याच्या क्षणी हलका झालेला असतो, टाच वर, कधी अंगठा पुढे घसटलेला. त्यासाठी चालत येऊन मारण्याचं ड्रिल करा: मागचा पाय पुढच्या पायाच्या मागून टाकायचा, मग पुढचा पाय रोवायचा आणि मारायचं. वजन कसं सरकतं ते लगेच कळतं.

पण ज्याचं वजन आधीच पुढे पळतंय त्याला हे ड्रिल देऊ नका. त्याच्यासाठी उलट औषध: स्ट्राइड घ्या आणि थांबा. पुढचा पाय टेकला, हात अजून मागच्या खांद्यापाशी, डोकं दोन्ही पायांच्या मध्ये. दोन आकडे मोजा आणि मग मारा. क्रिकेटमधून आलेल्यांना हे जास्त लागतं, कारण पुढच्या पायावर झुकून ड्राइव्ह मारायची सवय असते. इथे पुढचा पाय ताठ होऊन शरीराला अडवतो आणि त्या अडथळ्याभोवती कंबर फिरते.

पुढचा पाय चेंडूपासून दूर, बाजूला टाकणाऱ्यांच्या टाचेमागे लाकडी फळी ठेवण्याची पद्धत आहे. घोटा मुरगळायचा धोका कशाला? चुन्याची रेघ पुरते. शिवाय तो पाय बहुतेक वेळा भीतीने पळतो. मऊ चेंडूने सराव द्या आणि अंगावर येणाऱ्या चेंडूला पाठ कशी फिरवायची, हे आधी शिकवा.

चेंडू टाकणाऱ्याच्या चुका

सॉफ्ट टॉसमध्ये (जवळून हळू टाकलेले चेंडू मारण्याच्या सरावात) सगळं लक्ष बॅटरवर, टाकणारा मात्र बादलीतून चेंडू काढून वर भिरकावतोय. टाकणाऱ्याने बॅटरच्या समोरच्या बाजूला, ४५ अंशांच्या कोनात बसावं. चेंडू दाखवायचा, हात मागे न्यायचा, मग पुढच्या पावलाजवळ सरळ टाकायचा. हात मागे गेला की बॅटरने वजन मागे घ्यायचं, ही लय यातूनच बसते. उंच तरंगता चेंडू बॅटरला ताटकळत ठेवतो आणि लय बिघडवतो.

शक्य असेल तेव्हा बाजूऐवजी समोरून टाका, पण जाळीच्या आडोशाशिवाय कधीच नाही. आणि अधूनमधून मुद्दाम वाईट चेंडू टाका. प्रत्येक चेंडू मारायचाच असतो असं सरावात शिकलेला बॅटर मॅचमध्ये मातीत पडणाऱ्या चेंडूवरही बॅट फिरवतो.

वॉर्मअपला बॅटवर वजनाची कडी चढवून फिरवणं दिसायला रुबाबदार आहे. कडी काढल्यावर बॅट हलकी वाटते, पण अभ्यासांत त्यानंतरचा स्विंग प्रत्यक्षात मंदावलेला आढळलाय. आपल्याच बॅटने चार-पाच स्विंग काढून आत जा.

पकडीबद्दल थोडक्यात: बॅट तळव्यात नको, बोटांत हवी. खालच्या हाताच्या करंगळीकडच्या तळव्याच्या टाचेत दुखत असेल तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. बॅटची मूठ तिथे रुतून हॅमेट नावाच्या छोट्या हाडाचा हुकसारखा भाग मोडू शकतो आणि बरेच दिवस तो नुसता मुका मार वाटत राहतो.

टीवर आणि समोरून टाकलेल्या चेंडूवर स्विंग स्वच्छ असेल, पण खऱ्या पिचरसमोर जुनी चूक परत येत असेल, तर आता आणखी टी नको. तो दोष वेळेचा आहे. तुमच्या पिचरचा सराव चालू असताना प्लेटवर जाऊन उभे राहा, स्ट्राइडपर्यंत सगळं करा आणि चेंडू हातातून सुटल्यावर ‘आत’, ‘बाहेर’, ‘खाली’ असं मोठ्याने सांगा. कॅचर चूक की बरोबर ते सांगेल. बॅट अजिबात फिरवायची नाही. हेल्मेट मात्र घालायचं.