मुंबईतली संग्रहालयं पाहायची तर आधी वार बघा

सोमवारी काळा घोड्याला गेलात तर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद मिळेल. बुधवारी भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि शेजारची राणीची बाग, दोन्ही बंद. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारीही उघडं असतं. जहांगीर कलादालनात प्रवेश फुकट आहे, पण तिथली प्रदर्शनं साधारण मंगळवारी लागतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात. मंगळवारी सकाळी चित्रं टांगणंच चालू असतं, तेव्हा मधले वार बरे.

एका दिवशी एकच मोठं संग्रहालय घ्या. शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सव्वादहाला, दारं उघडतानाच पोहोचा. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत साधारण वीस मिनिटं लागतात. मोबाइलने फोटो काढायचे असतील तर तिकिटाच्या खिडकीवरच विचारा, नाहीतर आतून परत यावं लागेल. शाळांच्या सहली बहुधा तळमजल्यावरून सुरुवात करतात, म्हणून तुम्ही थेट पहिल्या मजल्यावर लघुचित्रांकडे जा. तिथला उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, कारण प्रखर प्रकाशाने रंग उडतात आणि कागद पिवळा पडतो. डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं नुसतं उभं राहा. ही चित्रं हातात धरून पाहण्यासाठी केलेली आहेत. काचेला हात न लावता जितकं जवळ जाता येईल तितकं जा. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असेल तर किंचित बाजूला सरका. गडद कपडे घातले असतील तर हा त्रास कमी होतो. आधी चित्र, मग पाटी. पाटी आधी वाचली की डोळे तिच्यात लिहिलेलंच शोधत राहतात.

शिल्पांचं तंत्र वेगळं. सिंधमधल्या मीरपूर खास या गावच्या टेराकोटा, म्हणजे भाजलेल्या मातीच्या मूर्ती आणि घारापुरीची शिल्पं समोरून पाहून पुढे जाऊ नका. दोन्ही बाजूंनी पाहा, कोरीव काम तिरप्या उजेडातच उठून दिसतं. अकबराचं चिलखत आणि ढाल चुकवू नका. अडीच तासांनंतर पाय आणि लक्ष दोन्ही थकतात. उरलेली दालनं सरळ पुढच्या खेपेला ठेवा.

भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ सालचं, आकाराने आटोपशीर. दीड तास पुरतो. इथे वस्तूंइतकीच इमारतही पाहण्याजोगी आहे: मान वर करून रंगवलेलं छत आणि खांब पाहा. मातीच्या छोट्या प्रतिकृतींमध्ये जुन्या मुंबईतले लोक आणि त्यांचे व्यवसाय दिसतात. मुलं सर्वात जास्त इथेच रमतात. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिलं, तो बाहेर आवारातच उभा आहे. भायखळा स्थानकाच्या पूर्वेला उतरा.

गांधीजींचं १९१७ ते १९३४ मधलं मुंबईतलं मुक्कामाचं ठिकाण म्हणजे गावदेवीतलं मणिभवन. ग्रँट रोडहून चालत जाता येतं, प्रवेश फुकट, तासाभरात होतं. गांधीजींची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. ४ जानेवारी १९३२च्या पहाटे त्यांना याच घराच्या गच्चीवरून अटक झाली. जिने चढावे लागतात. सोबत वयस्कर माणसं असतील तर दुपारच्या उन्हात नेऊ नका, सकाळीच जा.