बाकं भरतात, शिष्य का घडत नाहीत? मंडळीने टाळायच्या चुका

सांगली-मिरजेच्या आसपास कुठल्याही ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) नाताळच्या उपासनेला जा, मागे उभं राहायलाही जागा मिळत नाही. जूनमध्ये त्याच मंडळीत प्रार्थना चालवायला पाळकांखेरीज (धर्मगुरूंखेरीज) दुसरा माणूस सापडत नाही. हे दुखणं जुनं आहे. ते आपल्याच काही सवयींतून आलंय, म्हणून बरंही होऊ शकतं.

पाठांतरालाच शिष्यपण समजणं

ही चूक मी स्वतः केली आहे. दृढीकरणाच्या (मोठं होताना विश्वास जाहीर कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गात मी मुलांकडून प्रश्नोत्तरं घोकून घेतली. सगळे पास झाले, फोटो निघाले. त्यातला एक मुलगा पुण्याला कंपनीत लागला. दोन वर्षांनी मिरज स्टेशनवर भेटला, तेव्हा विचारलं, "मंडळीत जातोस का रे?" म्हणाला, "सर, तिथं ओळखीचं कुणी नाही." त्याला उत्तरं येत होती. पण अडचणीत माणूस प्रार्थना कशी करतो, हे त्याने माझ्या शेजारी बसून कधी पाहिलं नव्हतं.

बायबलमध्ये मत्तयच्या २८ व्या अध्यायातली प्रभू येशूची आज्ञा मूळ ग्रीकमध्ये पाहिली तर थेट आज्ञार्थी क्रियापद एकच आहे: शिष्य करा. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही तीन त्याच्या आधाराने येतात. आपल्या वार्षिक अहवालात मात्र बाप्तिस्मे किती, दान किती हे असतं. या वर्षी कोणी कोणाला हाताशी धरून विश्वासात चालायला शिकवलं, याला रकाना नसतो. पुढच्या बैठकीत तो रकाना घाला. पहिल्या वर्षी तो रिकामा राहिला तरी चालेल.

"पाळकसाहेब बघतील"

येशूने बारा जणांना निवडलं ते आधी आपल्याबरोबर राहावं म्हणून, आणि मग पाठवावं म्हणून. मार्क ३ मध्ये हा क्रम स्पष्ट आहे. दोनशे घरांच्या मंडळीत एकटा पाळक कोणाकोणाबरोबर राहणार? त्यांनी वर्षभर तीन-चार जणांना जवळ घ्यावं, घरभेटीला, दवाखान्यात, मयताच्या घरी सोबत न्यावं. पंचांनीही (मंडळीच्या कारभाऱ्यांनीही) "साहेब आमच्याकडे येत नाहीत" ही तक्रार तेवढं वर्ष गिळावी. हे पंचांना जड जातं, पण त्यावाचून गाडी पुढे सरकत नाही.

पैसे आले की सुरू करू

आपल्या भागावर मिशनचे मोठे उपकार आहेत. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत उभारलेलं इस्पितळ लांबलांबच्या रुग्णांचा आधार झालं. पण त्या काळापासून एक सवयही लागली: बाहेरून निधी आला की कामाला लागायचं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे अनुयायी त्यांनी एकत्र बोलावले. १९१९ मध्ये ते वारले, म्हणजे हाती जेमतेम दोन वर्षं होती. वय पन्नाशीच्या पुढे, पाठीशी संस्था नाही, तरी ते निघाले. विश्वासाने पाऊल टाकणं मी यालाच म्हणतो. आपल्याला तर एक सतरंजी आणि नवा करार पुरतो.

मदतीला अट जोडणं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरात शिरलं होतं. अशा वेळी दिलेलं धान्य हे निव्वळ धान्यच असलं पाहिजे. पाकिटाबरोबर सभेचं आमंत्रण दिलं की समोरचा ओळखतो, आणि त्याचं ओळखणं बरोबर असतं. आमिषाने आलेला माणूस शिष्य होत नाही. कोणी आपणहून विचारलं, तर मात्र लाजू नका, मोकळेपणाने साक्ष द्या.

सुरू केलं, पण तिसऱ्या आठवड्यात बंद पडलं

अशी वाचनाची छोटी बैठक बंद पडते, तेव्हा बहुतेक वेळा चूक वेळेची असते. कुपवाडच्या एमआयडीसीत पाळी करणाऱ्याला रविवारी दुपारी झोप हवी असते, आणि द्राक्षाच्या छाटणीत तासगावकडचा माणूस संध्याकाळी मोकळा नसतो. त्याची सवड विचारा आणि तुमची बदला. दोघा-तिघांपेक्षा जास्त जण घेऊ नका. एकच शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचं पुस्तक) धरा, मार्कचं लहान आहे, दर भेटीत अर्धा अध्याय. तो आलाच नाही तर फोनवर जाब विचारू नका. घरी जा, चहा घ्या, त्याच्या आईची तब्येत विचारा, आणि पुढचा अर्धा अध्याय तिथेच त्याच्या ओसरीवर वाचा.