सी ड्राइव्ह लाल झाला? फाइली उडवताना या चुका टाळा

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, म्हणजे जागा संपत आली, की माणसं घाबरतात आणि दिसेल ते डिलीट मारत सुटतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी विंडोजची कितीतरी मशीन या घाईनेच बिघडलेली असतात. फाइल उडवण्याआधी मी एवढंच बघतो: ही बनवली कुणी, आणि गेली तर परत कुठून मिळेल? विंडोज स्वतःच पुन्हा बनवणार असेल तर खुशाल उडवा. माणसाने बसून टाइप केलेली असेल, तर दुसरी प्रत उघडून बघितल्याशिवाय हात लावायचा नाही.

‘डबल क्लिक करून उघडत नाही, म्हणजे कचरा’

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. तालुक्याच्या गावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मालकाच्या भाच्याने ऐन मार्चअखेरीस जागा मोकळी करायला घेतली. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या डेटा फोल्डरमध्ये १०००० नावाचं फोल्डर होतं आणि आत .९०० वर संपणाऱ्या फाइली. क्लिक केल्यावर विंडोजने ‘कशात उघडू?’ असं विचारलं, एवढ्यावरून त्याने त्या बिनकामाच्या ठरवल्या. वर शिफ्ट-डिलीट, म्हणजे रिसायकल बिनमध्येही काही उरलं नाही. टॅली ईआरपी ९ मध्ये प्रत्येक कंपनीला असा एक आकडा मिळतो आणि तिची सगळी खाती, सगळी व्हाउचरं त्याच नावाच्या फोल्डरमध्ये असतात. कंपनी निवडायच्या यादीत नावाशेजारी तो आकडा दिसतोही. त्याने टॅली उघडून बघितलंच नव्हतं.

डिस्क एसएसडी होती, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर चालणारी. तिथे फाइल डिलीट झाली की विंडोज डिस्कला ‘ही जागा आता नको’ अशी ट्रिम नावाची सूचना देतं आणि डिस्क ती जागा आतून मोकळी करून टाकते. जुन्या हार्ड डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअरला काहीतरी सापडायचं, इथे काहीच हाती लागलं नाही. दिवाळीच्या सुमाराचा एक बॅकअप पेनड्राइव्हवर निघाला. त्यानंतरच्या सगळ्या नोंदी हिशेब बघणाऱ्या बाईंनी बिलबुकं समोर घेऊन पुन्हा भरल्या. चूक भाच्याची, आणि रात्री जागल्या त्या बाई.

शिफ्ट-डिलीट मी कुणालाच शिकवत नाही. त्याने फार तर एक क्लिक वाचतो. शंका असलेलं फोल्डर मी बाहेरच्या डिस्कवर ‘काढायचं’ या नावाखाली हलवतो. महिनाभर काम चालू द्यायचं, एक जीएसटी रिटर्न भरून होऊ द्यायचं, मगच ते खरंच काढायचं.

फॉन्ट साफ करणं

डीटीपीवाल्यांकडे, म्हणजे छपाईसाठी मजकूर जुळवणाऱ्यांकडे, हे फार होतं. ‘फॉन्ट जास्त झाले, मशीन स्लो झालं’ म्हणून कुणीतरी विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये शिरतं. कृतिदेव, शिवाजी असले जुने, युनिकोड ही आजची अक्षरपद्धत येण्याआधीचे फॉन्ट गेले की जुन्या पत्रिका, जुने अहवाल उघडल्यावर निरर्थक रोमन अक्षरं दिसतात, कारण त्या फाइलींमध्ये मुळात रोमन अक्षरांचेच कोड साठवलेले असतात. मराठी वळण देतो तो फॉन्ट. फाइल धडधाकट असते, पण गिऱ्हाईक ती खराब झाली समजून तीही उडवतं. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात संस्थांची वर्षानुवर्षांची कागदपत्रं असतात. फॉन्ट काढून जागा सुटते ती नगण्य. काढायचेच असतील तर आधी फॉन्टच्या फाइली कॉपी करून ठेवा.

विंडोजच्या पोटात हात घालणं

विंडोजचे स्वतःचे भाग ठेवणारं विनएसएक्सएस (WinSxS) फोल्डर प्रचंड दिसतं, पण त्यातल्या बऱ्याच फाइली म्हणजे हार्ड लिंक. तीच फाइल दोन ठिकाणी मोजली जाते. हाताने काहीही काढू नका. डिस्क क्लीनअपमधलं ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ वापरा. विंडोजमधलं लपलेलं इन्स्टॉलर फोल्डरही तसंच सोडा. ते रिकामं केलं की पुढे बरंचसं सॉफ्टवेअर अपडेटही होत नाही आणि अनइन्स्टॉलही.

हायबरनेशनसाठी, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करण्यासाठी, असलेली हायबरफिल (hiberfil.sys) नावाची मोठी फाइल नको असेल तर अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये हायबरनेशन बंद करा, ती आपोआप जाते. त्याबरोबर मशीन लवकर सुरू करणारं फास्ट स्टार्टअपही जातं, एवढं लक्षात ठेवा. रॅम कमी पडली की विंडोज जी वापरतं, त्या पेजफाइलच्या वाटेला जाऊ नका.

विंडोज डॉट ओल्ड: अपग्रेडनंतर जुनं विंडोज या फोल्डरमध्ये राहतं. नव्या विंडोजवर प्रिंटर आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन चालतंय हे बघा, मगच काढा. जुन्या विंडोजवर मागे जायची सोय साधारण १० दिवसच असते.

टेम्प फोल्डर: मशीन रीस्टार्ट करून मग रिकामं करा. ‘वापरात आहे’ म्हणेल ते स्किप करा, झगडू नका.

डाउनलोड्स: सेटिंग्जमधल्या टेम्पररी फाइल्सच्या यादीत याचंही नाव असतं. तिथे टिक लावण्याआधी फोल्डर उघडून बघा. लोकांची मार्कशीट आणि सातबारा तिथेच पडलेले असतात.

वनड्राइव्ह: मशीनवरून डिलीट केलं की क्लाउडवरूनही जातं. राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ घ्या.

रजिस्ट्री क्लीनर: रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करतो म्हणणारं हे सॉफ्टवेअर इन्स्टॉलच करू नका. त्याने जागा सुटत नाही.