मांजरेच्या वाळूत सापडलेली दाढ कशी ओळखावी

मांजरा आणि गोदावरीच्या काठच्या जुन्या गाळात, चुनखडीनं घट्ट झालेल्या भरड वाळूत, प्लाइस्टोसीन काळातल्या (सुमारे २६ लाख ते १२ हजार वर्षांपूर्वीच्या) जनावरांच्या दाढा मिळतात. हाडांचा चुरा होतो, दाढा टिकतात, कारण इनॅमल, म्हणजे दातावरचं आवरण, शरीरात सर्वांत कठीण.

आधी ती जुनी आहे का ते बघा. पात्रात सापडणाऱ्या बहुतेक दाढा हल्लीच्या गाई-म्हशींच्याच. लालभडक सुई मुळाला टेकवा. जळक्या केसांचा वास आला तर दाढ ताजी. वास नाही आला म्हणून लगेच अश्मीभूत समजू नका. काही शतकं पुरलेलं हाडही कधी कधी वास देत नाही.

मग चघळायची बाजू पुसून तिरप्या उजेडात धरा. चंद्रकोरीसारख्या कडा आणि दोन भागांमध्ये उभा बारीक खांब दिसला तर बहुधा गोवंश (गाय-म्हशीचं कुळ). खालची शेवटची दाढ तीन भागांची असते, तिला वेगळं जनावर समजू नका. गाय की म्हैस, हे एका दाढेवरून ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. घोड्याच्या वरच्या दाढा उंच, चौकोनी. इनॅमल वेडंवाकडं दुमडलेलं, सुटा खांब नाही. झिजलेल्या टोकांवर तीन पाकळ्यांची आकृती म्हणजे पाणघोडा.

हत्तीची दाढ टाकी लावलेल्या जात्यासारखी: आडव्या पट्ट्यांची. बहुधा एकच सुटी पट्टी हाती येते आणि लोक ती चपटा दगड म्हणून टाकून देतात. दाढ अखंड असेल तर हत्तीची जात ओळखायला १० सेंमी लांबीत किती पट्ट्या बसतात ते मोजा, इनॅमलची जाडी व्हर्नियरनं घ्या. एकूण पट्ट्यांवर विसंबू नका: दाढ पुढून झिजत, तुटत जाते. कडा बुटक्या, छपरासारख्या उतरत्या असतील तर स्टेगोडॉन, हत्तीचा नामशेष नातलग.

ओली दाढ उन्हात ठेवली की तडकते, कारण आतलं डेंटिन इनॅमलपेक्षा जास्त आकसतं. ओल्या कागदात गुंडाळून सावलीत सावकाश सुकवा. चुनखड काढायला व्हिनेगर नको, दाढच विरघळते. लाकडी काडी आणि मऊ ब्रश बरा. पूर्ण सुकल्यावरच १०० मिली अॅसिटोनमध्ये ५ ग्रॅम पॅरालॉइड बी-७२ (दाढ घट्ट करणारी अॅक्रिलिक राळ) विरघळवून लावा. ओलसर दाढेवर पांढरट साय धरते. फेव्हिकॉल लावू नका, तो नंतर नीट निघत नाही.

दाढ थरात रुतलेली असेल तर उपसू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, थराची खोली आणि जीपीएस लिहून घ्या, मग विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा.